मायोर्काच्या आभाळात बलूनने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बलूनची सकाळ सहलीच्या पहिल्याच दिवशी ठेवा. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

मी पहिल्या खेपेला उलटं केलं होतं. जून महिना, पाच दिवसांची सहल, आणि बलून शेवटच्या दिवशी. म्हटलं, शेवट गोड व्हावा. पहाटे पावणेपाचला फोनवर मेसेज आला: वरचा वारा जास्त आहे, आज उड्डाण नाही. उद्याची तारीख देऊ का, असंही विचारलं होतं. पण उद्या मी ऑफिसात असणार होते, श्टुटगार्टला. खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. त्यामुळे चिडचिड दुप्पट. खाली पान हलत नसताना वर वारा सुसाट असू शकतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मे महिना होता आणि सोबत साताऱ्याहून आलेली आई. तिला मी आधीच सगळं समजावून सांगितलं. बलून जाणार कुठे, तर वारा नेईल तिकडे. परत कसं यायचं, तर खालून गाडी माग काढत येते आणि आपल्याला उचलते. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तिकीट काढायचं, पण गाव सांगायचं नाही."

इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नाही.

आधी बेटाचा वारा समजून घ्या

मायोर्का हे स्पेनच्या बालेआरिक बेटांमधलं सर्वांत मोठं बेट, साधारण ३,६०० चौरस किलोमीटरचं. वायव्येला त्रामुंताना पर्वतरांग भिंतीसारखी उभी आहे. २०११ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पूर्वेकडे ठेंगण्या डोंगरांची दुसरी ओळ, आणि दोन्हींच्या मधे सपाट शेतीचा पट्टा. त्याला तिथे 'एस प्ला' म्हणतात, म्हणजे सरळ 'मैदान'. पेत्रा, सिनेउ, मोंतुइरी ही गावं याच भागातली, आणि मानाकोर त्याच्या पूर्वेच्या कडेला. तुमचं उड्डाण बहुधा इथेच होणार. समुद्रकिनाऱ्यावरून बलून उडेल आणि निळ्या पाण्यावरून तरंगत जाईल असं चित्र मनात असेल, तर ते आत्ताच पुसून टाका. बलूनला सुकाणू नसतं. पाण्यावर गेलेला बलून परत वळवता येत नाही. म्हणून बेटावरचा पायलट समुद्र दिसेल इतक्या अंतरावर उडतो, पण समुद्राला हात लावत नाही.

आता वेळ. उन्हाळ्यात जमीन तापली की तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. मायोर्काचे लोक या वाऱ्याला 'एम्बात' म्हणतात. कोकणात दुपारी जो खारा वारा सुटतो त्याचाच हा भाऊबंद. फरक एवढाच, की बेटाला चारी बाजूंनी समुद्र. त्यामुळे एम्बात सगळीकडून आत येतो आणि मधल्या मैदानावर येऊन एकमेकांना धडकतो. सूर्य चांगला वर आला की याची सुरुवात होते, दुपारी तो भरात असतो आणि संध्याकाळी मावळतो. रात्री उलटा खेळ: जमीन गार पडते आणि हलकी हवा समुद्राकडे घरंगळत जाते.

बलूनला मानवते ती या दोन खेळांच्या मधली वेळ. सूर्योदयाच्या आसपासचा तासदीड तास सर्वांत भरवशाचा. काही जण सूर्यास्ताआधीही उडवतात. निवड असेल तर पहाट घ्या. संध्याकाळी एम्बात वेळेवर बसला नाही तर पायलट घड्याळाकडे बघत थांबतो, आणि एकदा अंधार पडायला लागला की विषय संपला. पहाटेचं तसं नाही. हवा रात्रभर निवलेली असते.

महिना कोणता

बदाम फुलतात जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत. फोटो त्याच दिवसांतले सगळीकडे फिरतात, पांढऱ्या-गुलाबी चौकटीच चौकटी. खरं सांगायचं तर त्या चौकटी आता विरळ झाल्या आहेत. २०१६ मध्ये झायलेला नावाच्या जिवाणूमुळे होणारा रोग बेटावर सापडला आणि त्याने बदामाच्या बागाच्या बागा वाळवल्या. वरून त्या राखाडी दिसतात, हिरव्या शेतात कोळ्याचं जाळं पडल्यासारख्या. शिवाय हिवाळ्यात मैदानावर पहाटेचं धुकं बसतं, आणि धुक्यात उड्डाण नाही.

माझं मत एप्रिल-मेला. गहू-जवाची शेतं हिरवी असतात, मधे लाल पॉपीची फुलं, आणि थंडी फक्त पहाटेपुरती. जून-जुलैत सगळं सोनेरी आणि कोरडं. तेही सुंदर, पण हवा गरम असल्यावर बलूनची उचलण्याची ताकद घटते आणि कधीकधी कमी माणसं घ्यावी लागतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून पावसाचा भरवसा नाही. भूमध्य समुद्रावरचा शरदातला पाऊस म्हणजे आपल्या श्रावणसरी नव्हेत. ९ ऑक्टोबर २०१८ ला मानाकोरच्या शेजारच्या संत ल्योरेन्स गावात ओढ्याला अचानक पूर आला आणि त्या भागात तेरा माणसं दगावली. पायलटने आकाशाकडे बघून नाही म्हटलं तर वाद घालू नये, तो यासाठी.

बुकिंग करताना काय विचारायचं

खर्च माणशी दीडशे ते दोनशे युरोच्या आसपास धरा. मोठ्या बास्केटमध्ये आठ-दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतात. दोघांसाठी खासगी उड्डाण हवं असेल तर आकडा कितीतरी वर जातो. माझ्या मते त्याची गरज नाही. अनोळखी माणसं वर गेल्यावर दहा मिनिटांत ओळखीची होतात.

पैसे भरण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात की फक्त दुसरी तारीख मिळते? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या वर्षभरात कधीही या, असं म्हणणारं कुपन मुंबईहून आलेल्या माणसाला काय कामाचं? दुसरा प्रश्न: कंपनी प्रवासी उड्डाणांसाठी स्पेनच्या हवाई सुरक्षा यंत्रणेकडे, म्हणजे 'आएसा'कडे, रीतसर नोंदलेली आहे का आणि विमा कोणता. युरोपात पैसे घेऊन बलूनमध्ये माणसं नेणाऱ्यांना सामायिक नियम लागू आहेत, त्यामुळे हे विचारल्याचा कुणाला राग येत नाही. राग आला तर दुसरीकडे बघा.

मग तुम्हाला एक प्रश्न विचारला जाईल: वजन किती? इथे खरं सांगायचं. लग्नाच्या बायोडेटातलं वजन चालणार नाही. हिशोब सोपा आहे. बाहेर २० अंश तापमान आणि बलूनच्या आत १०० अंश असेल, तर आतली एक घनमीटर हवा साधारण पाव किलो उचलते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली त्या गरम हवेने भरली तरी जेमतेम सात किलो उचललं जाईल. म्हणजे ऐंशी किलोच्या एका माणसाला अशा अकरा खोल्या. त्यात वेताचं बास्केट, बर्नर, गॅसच्या टाक्या आणि खुद्द कापडाचं वजन मिळवा. हजारो घनमीटरचे बलून उगाच शिवत नाहीत. वजनावरून कुणी कुठल्या कप्प्यात उभं राहायचं हेही ठरतं, तेव्हा पाच किलो लपवून तुम्ही शेजाऱ्याला तिरकं करता.

गरोदर बाईला नेत नाहीत. पाठीची, गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असेल तर जाऊ नका. मूल बास्केटच्या कडेवरून बघू शकेल इतकं उंच हवं, आणि सांगितलेलं ऐकणारं हवं. वयाची अट प्रत्येकाकडे थोडी वेगळी असते, आधी विचारून घ्या. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते आणि तासभर उभी राहते. मी तसं स्पष्ट लिहून विचारलं होतं. तिला बास्केटच्या मधल्या बाजूची जागा द्यायचं त्यांनी कबूल केलं.

उंचीची भीती वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गच्चीच्या कठड्यावरून खाली बघताना पोटात जो गोळा येतो, तो बलूनमध्ये बहुतेकांना येत नाही. खालपर्यंत जाणारी भिंत नजरेला दिसत नाही म्हणून असेल. मला झोपाळ्याचीही भीती वाटते. वर गेल्यावर मी कडेवर कोपर टेकून उभी होते.

तिथे पोहोचणं

हे पटकन. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांची फी २०२४ पासून ९० युरो आहे, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशांत राहण्याचा परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको. लंडनला राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र तो काढावाच लागतो. विमानं पाल्माला उतरतात. जर्मनीतून तर इतकी जातात की जर्मन लोक मायोर्काला गमतीने आपलं सतरावं राज्य म्हणतात.

पाल्माहून मानाकोरला रेल्वे आहे, पण पहाटेच्या अंधारात भेटीच्या जागी पोहोचवेल अशी नाही. भाड्याची गाडी घ्या. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवानाही ठेवा. पाल्मा ते मानाकोर साधारण ५० किलोमीटर, चांगला रस्ता. त्याहून बरं म्हणजे आदल्या रात्री मानाकोर किंवा पेत्रालाच मुक्काम करायचा. मानाकोर हे राफाएल नादालचं गाव आहे, हे ऐकल्यावर आमच्या घरातली पुरुष मंडळी 'आम्ही का नाही आलो' म्हणून हळहळली.

आदल्या दिवशी

संध्याकाळी पायलटचा मेसेज येतो: उद्या नक्की, किंवा पहाटे कळवतो. मोबाइलवर वाऱ्याचं ॲप उघडून आपणच अंदाज बांधायचा मोह होतो. बघायचंच तर जमिनीलगतचा वारा बघून थांबू नका. तीनशे-पाचशे मीटर उंचीवरचा वारा बघा. माझ्या पहिल्या खेपेचं कोडं तिथेच सुटलं असतं. रात्री जमिनीलगतची गार हवा गोधडीसारखी पसरून राहते, आणि वरचा वारा तिच्यावरून घसरत जातो. खाली झाड स्तब्ध, वर मात्र वेग. बलून त्या वेगात शिरला तर उतरताना त्याला थांबवणं कठीण.

कपडे सुती घाला. बर्नर डोक्याच्या अगदी वर असतो आणि त्याची आच टाळूला जाणवते, तेव्हा टोपी हवीच. उंच माणसांना तर नक्कीच. केस बांधलेले. ओढणी, पदर, लोंबणारा स्कार्फ नको. आईने पंजाबी ड्रेसची ओढणी गाडीतच ठेवली आणि माझं जुनं जॅकेट चढवलं. बूट बंद आणि मळले तरी चालतील असे, कारण उड्डाणही शेतातून आणि उतरणंही शेतात. दवाने गवत चिंब असतं आणि मायोर्काची माती गेरूसारखी लाल. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आलेल्या एका जोडप्याचे चेहरे मला अजून आठवतात.

वर थंडी वाजेल म्हणून लोक कपड्यांवर कपडे चढवतात. तेवढं लागत नाही. बलून वाऱ्याच्या वेगानेच जातो, त्यामुळे अंगाला वारा लागत नाही, आणि वरून बर्नर आहेच.

आणि हॉटेलातून निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. वर सोय नाही, खाली शेत आहे. आईला हे दोनदा सांगितलं, तिने मला तिसऱ्यांदा सांगितलं.

मैदानावर

मे महिन्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. आम्ही साडेपाचला पोहोचलो तेव्हा आभाळ नुसतं फिकट झालं होतं. पायलटने पहिलं काय केलं, तर एक फुगा सोडला. वाढदिवसाला असतो तसा, हेलियम भरलेला. तो सरळ वर गेला, मग थोडा डावीकडे सरकला, मग पुन्हा उजवीकडे. सगळे माना वर करून बघत होते. पायलटचं बोलणं मधेच थांबलं होतं. त्या एका फुग्यावरून त्याला वेगवेगळ्या उंचीवर वारा कुठे वाहतो ते कळतं. काही वेळा फुगा बघून सगळा लवाजमा गाडीत भरतात आणि दहा किलोमीटर पलीकडच्या शेतात जातात. तुम्हालाही तसं नेलं तर घोळ झाला असं समजू नका. पुढे पुरेशी जमीन उरावी, समुद्र लवकर येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

मग बास्केट आडवं करतात, कापड गवतावर पसरतात आणि मोठ्या पंख्याने त्यात गार हवा भरतात. तोंड धरून ठेवायला दोन माणसं लागतात. विचारलं तर हातमोजे देऊन तुम्हालाही उभं करतील. जरूर व्हा उभे. आतून बघितलं तर लग्नाच्या मांडवाएवढी रंगीत गुहा समोर फुगत असते. कापड पुरेसं फुगलं की बर्नर पेटतो, आणि पहिल्या आवाजाला प्रत्येक नवखा माणूस दचकतो. एखादा प्रचंड स्टोव्ह भडकल्यासारखा तो आवाज. दोन-तीन मिनिटांत बलून उभा राहतो आणि त्याच्यासोबत बास्केटही.

आता आत चढायचं. दार नसतं. बास्केटच्या बाजूला पाय ठेवण्यापुरती भोकं असतात, त्यांत पाय देऊन कडेवरून आत. आईला मदतनिसाने खांदा दिला आणि ती आंब्याच्या झाडावर चढल्यासारखी चढली. आत गेल्यावर ऐका: पायलट उतरतानाची उभं राहण्याची पद्धत आत्ताच शिकवतो आणि करूनही घेतो. फोटो काढण्याच्या नादात हे निसटतं. फोन खिशात ठेवा, मिळाली तर गळ्यात दोरी अडकवा. गॅसच्या टाक्यांमुळे आसपास सिगारेट कुणीच पेटवायची नाही, हे सांगायला नको.

वर

जमीन सुटली हे कळत नाही. मी मदतनिसाच्या टोपीकडे बघत होते, ती छातीच्या उंचीवर आली, मग पायाखाली गेली. धक्का नाही, झुलणं नाही. बर्नर बंद झाला की इतकी शांतता, की खालच्या वाडीतला कोंबडा, मग कुत्री, मग चर्चची घंटा असं एकेक वेगळं ऐकू येतं. (योगायोगाची गोष्ट: १७८३ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या मोंगोल्फिए बंधूंनी व्हर्सायला गरम हवेच्या बलूनमधून पहिल्यांदा प्राणी वर पाठवले, त्यांत मेंढी आणि बदकाबरोबर एक कोंबडाही होता. दोन महिन्यांनी २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये माणसं मोकळी उडाली.)

सूर्य वर आला आणि बलूनची सावली शेतावर पडली. तिच्याभोवती दवामुळे उजेडाचं वलय दिसतं. ते शोधा. फार वेळ टिकत नाही.

खाली बघायला काय आहे, तर चौकोन. बेटाची शेतं चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतींनी आखलेली आहेत. आपल्या कोकणातले गडगेच. ही दगड रचण्याची कला २०१८ मध्ये स्पेनसह आठ देशांच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेली. मधेच दगडी बुंध्याच्या जुन्या पवनचक्क्या, काहींची पाती गळालेली. आईने लगेच चाळकेवाडीची आठवण काढली. मग ती एका गोल, फरसबंद चकतीकडे बोट दाखवून म्हणाली, "अगं, हे खळं आहे." मी म्हटलं कारंजं असेल. पायलटला विचारलं, तर खळंच होतं: गहू मळायची जुनी जागा. त्यानंतर प्रत्येक वाडीशेजारचं खळं आईने मोजलं. नऊ झाली.

उंच गेलो तेव्हा उत्तरेला आल्कुदियाचा उपसागर दिसला, दक्षिणेला दूर काब्रेरा बेट, आणि वायव्येला त्रामुंतानाची ओळ. तिच्यातलं सर्वांत उंच शिखर पुइग माजोर, चौदाशे मीटरवर. त्याच्या माथ्यावरचे रडारचे पांढरे घुमट उघड्या डोळ्यांना दिसतात. पाल्माकडे विमानांची रांग लागलेली असते. माद्रिद आणि बार्सिलोनानंतर स्पेनमधला सर्वांत गजबजलेला विमानतळ आहे तो, त्यामुळे पायलट त्या बाजूला मर्जीप्रमाणे भटकू शकत नाही.

बलून वळवतात कसा, हे प्रत्येक जण विचारतो. उत्तर: उंची बदलून. उत्तर गोलार्धात वर जावं तसा वारा सहसा उजवीकडे वळतो. पायलटला उजवीकडे जायचं असेल तर तो चढतो, डावीकडे जायचं तर उतरतो. सकाळच्या फुग्याचा उपयोग आता लक्षात येईल. त्याचं सगळं कसब या एका जिन्यावर चढण्या-उतरण्यात आहे. म्हणून तो मधूनच झाडांच्या शेंड्यांवरून नेतो आणि मधूनच पाचशे मीटरवर. मेंढ्यांचा कळप आला तेव्हा त्याने नेहमीचा बर्नर सोडून दुसरी कळ दाबली. ज्योत पिवळी आणि आवाज मऊ. ही गुरंढोरं बुजू नयेत म्हणून केलेली सोय, बलूनवाले तिला 'गाय-बर्नर'च म्हणतात. मेंढ्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली.

पहिली दहा मिनिटं फोटो काढा, मग फोन ठेवून द्या, असा माझा आगाऊ सल्ला. एकूण उड्डाण तासाभराचं.

उतरणं

सगळ्या सहलीत लक्ष देऊन करायची गोष्ट हीच. पायलट आता बोलत नाही. तो विजेच्या तारा शोधत असतो, कारण बलूनचा सर्वांत मोठा शत्रू त्याच आहेत. गडग्यांच्या लहान चौकोनांत पुरेसं लांब, पीक नसलेलं, तारांपासून दूर शेत सापडणं सोपं नसतं. एखादं शेत हातचं गेलं तर तो पुन्हा बर्नर पेटवून वर चढतो. घाबरू नका, पुढचं शेत येतं.

त्याने सांगितलं की: फोन आत. ज्या दिशेला जातोय तिकडे पाठ. पाठ बास्केटच्या गादीला टेकलेली, गुडघे थोडे वाकवलेले, दोन्ही हात आतल्या दोरीच्या कड्यांना. वारा येईल तशी पाठ द्यावी, असं आपण म्हणतो, इथे नेमकं उलट: वारा नेतो तिकडे पाठ. कडेच्या बाहेर हात काढायचा नाही. वारा नसेल तर बास्केट खुर्चीसारखं टेकतं. थोडा असेल तर एकदा आपटतं, उसळतं, पुन्हा टेकतं आणि काही फूट घासत जातं. कधी आडवंही होतं, मग तुम्ही पाठीवर, पाय आभाळाकडे. तसं झालं तरी पद्धतशीर उभ्या माणसाला सहसा काही होत नाही. लागतं ते बघायला वळलेल्याला. आमचं दोनदा आपटलं. दुसऱ्या आपटीला आईच्या तोंडून 'पांडुरंगा' निघालं आणि शेजारच्या डच बाईने विचारलं की याचा अर्थ 'लँडिंग' का.

टेकलं म्हणून लगेच बाहेर उडी मारायची नाही. मघाचा वजनाचा हिशोब आठवा. ऐंशी किलोचा एक माणूस उतरला की बलून तेवढा हलका होतो, आणि वरची हवा अजून गरम असते. बाकीच्यांना घेऊन तो पुन्हा उठू शकतो. पायलट माथ्यावरची झडप उघडून हवा सोडतो, मग एकेकाचं नाव घेतो. तोवर गुडघे वाकवलेलेच.

उतरल्यावर

माग काढत आलेली गाडी शेताच्या फाटकाशी थांबते. आधी शेतकऱ्याला विचारायचं, मग आत यायचं, पिकावरून गाडी न्यायची नाही, असा रिवाज. आमचा शेतकरी स्वतःच चालत आला, हात मागे बांधून, आणि पायलटशी कातालान भाषेत पाऊस या विषयावर बोलत राहिला. 'बोन दिया' एवढं म्हणा. सकाळचा नमस्कार आहे तो, आणि त्याने चेहरा खुलतो.

कापडातली हवा काढून ते पिशवीत कोंबायला सगळ्यांनी हात लावायचा असतो. वजन शे-दीडशे किलोच्या घरात. गादीच्या खोळीत रजई भरण्याची सवय असलेल्यांनी पुढे व्हावं. आईने तिथे सूत्रं हाती घेतली.

मग शॅम्पेनचा जुना फ्रेंच रिवाज, इथे बहुधा कावा नावाची स्पॅनिश फेसाळ वाइन असते. पीत नसाल तर संत्र्याचा रस मागा, मिळतो. जर्मनीत तर पहिल्या उड्डाणानंतर केसांची बट चटका लावून जाळतात, शॅम्पेनने विझवतात आणि बिनाजहागिरीची सरदारकी देतात. मायोर्कात केस शाबूत राहतात.

नाश्त्यात शाकाहारींनी एक जपावं. एन्साइमादा नावाची, वरून पिठीसाखर भुरभुरवलेली जिलबीसारखी गोल गुंडाळलेली पाव-मिठाई सगळीकडे समोर येते. तिच्या नावातच 'साइम' आहे, म्हणजे डुकराची चरबी. ती टाळा आणि 'पा अंब ओली' मागा: जाड पावाच्या कापावर टोमॅटो चोळायचा, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. हॅम नको, असं आधीच सांगा. त्यासाठी वापरतात ते रामेल्येत टोमॅटो दोऱ्यात ओवून भिंतीवर महिनोन् महिने टांगून ठेवतात, आपल्याकडे लसणाच्या वेण्या टांगतात तसे. आईने त्यांचं बी मागितलं. दिलं नाही, पण एक टोमॅटो कागदात गुंडाळून दिला.

त्या दिवशी दुपारी दुसरं काही ठरवू नका, झोप लागते. आणि भाड्याची गाडी परत करण्याआधी पायाखालच्या चटया बाहेर काढून झटका. ती लाल माती नुसत्या फडक्याने जात नाही आणि सफाईचे पैसे वेगळे लावतात. आम्ही चाळीस युरो भरले.